न मागितलेला कौल

पूर्णगडच्या बंदरावर बकुळाला सगळे 'हवामानवाली' म्हणत. अर्धं कौतुकानं, अर्धं चिडवायला. वाऱ्यावादळाचा मेसेज मोबाइलवर आधी इंग्रजीत यायचा, मराठीतला मागाहून. तोवर एखादी होडी खाडीचं तोंड ओलांडून गेलेली असायची. बकुळा मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. रत्नागिरीला कॉलेजात जाणाऱ्या तिच्या मुलीनं, वेदिकेनं, तिला त्यातले नेहमीचे शब्द समजावून दिले होते. फोरकास्ट म्हणजे पुढे काय होईल त्याचा अंदाज. प्रेडिक्शन म्हणजे तेच, पण जरा छातीठोकपणे. वॉर्निंग म्हणजे जाऊच नका. आणि लाइकली म्हणजे होईलसं वाटतंय, पण...

"पण काय?" बकुळानं विचारलं होतं.

"पण नाहीसुद्धा होणार, आई."

"मग गप्प बसावं की! सांगायचं तरी कशाला?"

तरी ती शिकली. मासळी वाळवता वाळवता हात पुसून मेसेज वाचायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दोन वेळा तिचं खरं ठरलं, तेव्हापासून लोक थांबून ऐकायला लागले होते.

दिवाळी तोंडावर आलेली. नवरा गुणाजी, मुलगा निहार आणि दोन खलाशी चार दिवसांच्या फेरीला निघायचे होते. जाळं नवं होतं. नवं जाळं पाण्यात जायच्या आधी गावदेवीला कौल लावायचा, ही त्यांच्या घरची रीत. देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बकुळा भाकऱ्या थापत होती, म्हणून सकाळी गुणाजी एकटाच देवळात गेला आणि हसत परत आला.

"उजवी दिलान! गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत दिलान!"

दुपारी होडीत बर्फ भरायला सुरुवात झाली आणि मेसेज आला. बकुळानं दोनदा वाचला. जोराचा वारा, खवळलेला समुद्र, शुक्रवारपासून. लाइकली.

"अवो, जाऊ नका," ती धक्क्यावर जाऊन म्हणाली.

"वॉर्निंग आहे काय?" निहारनं विचारलं.

"नाय. लाइकली आहे."

खलाशी हसले. गुणाजीनं बर्फाची लादी खाली ठेवली. "देवीनं सकाळी सांगितलान ते खोटं, आणि तुझ्या मोबाइलनं दुपारी सांगितलान ते खरं? कोण मोठं गो?"

देवापुढे दिवा लागल्याशिवाय चहा न पिणारी बाई ती. बकुळा घरी न जाता तशीच सदू गुरवाकडे गेली. सदू नुकताच जेवून उठला होता.

"सदूदादा, सकाळी गाऱ्हाणं काय घातलंत?"

"नेहमीचं. नवं जाळं पाण्यात जातंय, भरणार असेल तर उजवी दे."

"आणि माणसांचं?"

सदूनं पंच्याला हात पुसले. "गुणाजीनं सांगितलान नाय, मी घातलं नाय. विचारशील तेवढंच देवी सांगते, वयनी."

ती धावतच धक्क्यावर गेली. "जाळं भरेल म्हणाली देवी. तुम्ही परत याल काय, ते विचारलंत कुठं?"

आता कोणी हसलं नाही. गुणाजीचा चेहरा उतरला, मग तो रागावला. "चल. तेही विचारू. मग तोंड उघडायचं नाय."

देवळात सदूनं कळ्या भिजवल्या, देवीच्या अंगाला लावल्या. "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या आई..." गाऱ्हाणं सुरू झालं. बकुळाची नजर डाव्या कळीवर खिळली. कळीच्या देठाशी पाण्याचा थेंब जमत होता. ही पडली तर? आज बापलेक थांबतील, पण पुढे जन्मभर दर फेरीला हे उत्तर घरात राहील. आणि उजवी पडली, तर ते जातील आणि आपल्याला काळजीसुद्धा करता येणार नाही. करणार कशी? देवीवर अविश्वास तो! त्या इंग्रजी शब्दात निदान जीव घाबरायला जागा होती.

"थांबा!" ती ओरडली. "नका विचारू!"

"वयनी, घातलेलं गाऱ्हाणं अर्ध्यात तोडत नाय."

"दोष माझ्या माथी." बकुळानं गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. "आई, मला उत्तर नको. मला ते दोघं घरात हवेत."

सदूनं देवीला हात जोडले. मग त्यानं दोन्ही कळ्या आपल्या हातानं काढून घेतल्या. गुणाजी पायऱ्या उतरला, फोन काढला आणि निहारला म्हणाला, "बर्फ उतरव."

बर्फाच्या लाद्या धक्क्यावर वितळत पडल्या. बाजूनं बाबल्याची होडी पाच माणसं घेऊन निघाली. "गुणाजीदादा, बायकोनं सुट्टी दिलान काय?" तो ओरडला आणि होडीतले सगळे खदखदले. गुणाजीनं हात वर केला, पण हसला नाही.

शुक्रवार उजाडला. समुद्र तेलासारखा पडलेला, माडाचं पातं हलत नव्हतं. गुणाजी पाठ करून जाळ्याच्या गाठी तपासत बसला. निहारनं भरलं ताट बाजूला सरकवलं. पाण्याला जाणाऱ्या बायका कुंपणाबाहेरून विचारून गेल्या, "काय हवामानवाली, वारा वाट चुकला काय?"

दुपारी बाबल्याची बायको चिमा आली. ती चिडवायला आली नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत दारात उभी राहिली. "वयनी, खरं सांग. येईल काय गो वारा?"

बकुळाला तिच्याकडे बघवेना. सकाळपासून, चूल पेटवताना, भांडी घासताना, ती मनातल्या मनात वाऱ्याची वाट बघत होती. एक झोत तरी येऊ दे, माझं खरं होऊ दे. आणि त्या वाऱ्यात हिचा नवरा होता.

"नाय गो," ती कशीबशी म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

चिमाला तेवढ्यानंच बरं वाटलं. ती गेली. बकुळा देवापुढे जाऊन बसली, हात जोडले, पण काय मागावं ते तिला सुचेना. मागीलदारी माडाचं एक झावळं हललं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.