हव्या तेवढ्या खिडक्या

त्याला सगळे ‘दोन हात’ म्हणत. आईबापांनी हौसेने ठेवलेलं एक बरंसं नाव होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नाही. धंद्याने रंगारी. कुठलीही भिंत दाखवा, तो मान तिरकी करून बघायचा, तिच्यावरून तळहात फिरवायचा आणि म्हणायचा, “दोन हात मारावे लागतील.” हात म्हणजे रंगाचा एक थर. एका हातात भागेल असं त्याच्या तोंडून कधी निघालं नाही आणि तीन लागतील म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

भिंतींशी त्याने जन्मभर दोन हात केले, माणसांशी मात्र एकदाही नाही. शेजाऱ्याने त्याची शिडी नेली ती नेलीच. हा गडी गरज पडली की स्वतःचीच शिडी शेजाऱ्याकडून मागून आणायचा आणि संध्याकाळी आभार मानून परत करायचा. शेजारी वर बजावायचा, “जपून वापर रे, जुनी आहे.”

अशा माणसाच्या वाट्याला ते हॉटेल आलं.

हॉटेल भर बाजारपेठेत, चौकाच्या तोंडाशी होतं आणि कित्येक वर्षं बंद होतं. चालू होतं तोवर लोकांनी त्याला नावंच ठेवली. चहा गार, चादरी दमट, वेटर बहिरा. मग मालकांच्या भाऊबंदकीत ते बंद पडलं. भावांनी एकमेकांना कोर्टात खेचलं आणि कबुतरांनी निकालाची वाट न पाहता ताबा घेतला. त्यानंतर हळूहळू त्या गार चहाच्या आठवणीने माणसांचे गळे दाटून यायला लागले. जे कधी त्याची पायरी चढले नव्हते, त्यांच्या आठवणी सगळ्यांत सविस्तर होत्या.

शेवटी एका कंपनीने ते विकत घेतलं आणि दारावर फलक लावला, ‘गतवैभव परत येत आहे’. वैभव आत यायचं तर जागा हवी, म्हणून आधी जुना गिलावा पाडला, कारण तो जुना होता. मग नवा गुळगुळीत गिलावा केला. मग कंपनीने जुन्या वास्तूंच्या जाणकार म्हणून एका बाईंना बोलावलं. सगळे त्यांना ‘वारसा मॅडम’ म्हणत. मॅडमनी चष्मा वर केला, भिंती पाहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, हे तर नवं दिसतंय.” मॅनेजरसाहेबांचा चेहरा पडला. जुना गिलावा एव्हाना कुठल्यातरी खड्ड्यात भर म्हणून गेला होता. तेव्हा नव्याला जुनं करायचं काम निघालं आणि त्यासाठी रंगारी शोधला गेला.

पहिल्याच दिवशी मॅडमनी त्याला जेवणघराच्या कोपऱ्याशी नेलं. “पेंटर, इथे ओलीचा डाग काढा.”

रंगाऱ्याने फडकं घेऊन कोपरा पुसला. मग पुन्हा पुसला. मॅडम बघत राहिल्या.

“काय करताय?”

“डाग काढतोय, मॅडम. पण दिसत नाहीये.”

“दिसत नाही म्हणूनच काढा म्हणते ना! रंगाने काढा. चित्र काढतो तसा.”

जन्मभर त्याने डाग काढले होते, आता तेच काढायचे होते, फक्त उलट्या बाजूने. ‘काढणे’ हा शब्द असा दुतोंडी आहे हे त्याला त्या दिवशी उमगलं. पण काम म्हणजे काम. तो ओलीचे डाग काढायला लागला, भेगा काढायला लागला, छताखाली सुटलेले पोपडे काढायला लागला. मॅडम प्रत्येक डागाचे तीन तीन नमुने मागवत आणि लांबून डोळे बारीक करून म्हणत, “यात अजून दुःख हवंय.” रंगारी मग तपकिरीत थोडा काळा घालायचा. दुःख बहुतेक तेवढ्याने भागायचं.

घरी त्याने बायकोला हे सांगितलं, तेव्हा तिने मान वर न करता विचारलं, “आपल्या स्वयंपाकघरातली ओल दाखवलीत का त्यांना? तयार माल आहे.”

बायको रफू करायची. कोटाला पडलेलं भोक, उंदराने कुरतडलेली शाल, सिगारेटने जाळलेली पँट, सगळं तिच्याकडे यायचं आणि काहीच झालं नव्हतं अशा थाटात परत जायचं. नवरा धडक्या भिंती फाटक्या करत होता आणि ती फाटकं धड करत होती. संसाराचा हिशेब असा बरोबर सुटत होता. तिचं सगळं काम खिडकीपाशी चाले. घर तळमजल्यावर, हॉटेलच्या मागच्या गल्लीत. समोर हॉटेलचं मोकळं मागचं अंगण, त्यामुळे त्या एका खिडकीतून दिवसभर स्वच्छ उजेड यायचा. रफूत खरी कसोटी धाग्याच्या रंगाची. बल्बखाली काळा आणि गडद निळा सख्खे भाऊ दिसतात. उजेडात आणलं की कळतं, त्यांचं एकमेकांशी बोलणंही नाही. ती खिडकी म्हणजे तिचं दुकान होतं, अवजार होतं आणि चष्म्याचा नंबरही होता.

हॉटेल तयार होत आलं तशी मॅनेजरसाहेबांनी एकदा मागच्या व्हरांड्यात चहा मागवला आणि समोर पाहिलं. समोर रंगाऱ्याची इमारत होती. पाइप, बादल्या, वाळत घातलेले पायजमे.

“पाहुण्यांनी चहा पिताना हे बघायचं?”

मॅडम म्हणाल्या, “नाही नाही. अगदीच विसंगत आहे.”

जवळच डबा ढवळत असलेला रंगारी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, इमारत हॉटेलच्याच वयाची आहे. हॉटेलच्याच नोकरांसाठी बांधली होती.”

“जुनी आहे हो,” मॅडम समजुतीने म्हणाल्या. “ऐतिहासिक नाहीये.”

फरक काय ते रंगाऱ्याने विचारलं नाही. ऐतिहासिक इमारतीत बहुधा कुणी पायजमे धूत नसावं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

तोडगा मॅडमनीच काढला. इमारतीपुढे गच्चीपासून जमिनीपर्यंत एक भलं मोठं कापड ताणायचं आणि त्यावर जुन्या काळची एक सुंदर गल्ली रंगवायची. इमारतीच्या मालकाने ताबडतोब होकार दिला. दर्शनी बाजू रंगवायची त्याची कटकट परस्पर मिटत होती. आत राहणाऱ्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी विचारलं नसतं. रंगाऱ्याला बोलावून मॅडमनी विचारलं, “जमेल ना?”

त्याच्या डोळ्यांपुढे खिडकी आली, खिडकीतली बायको आली, घशाशी ‘नाही’ आलं. पण जिभेला जन्माची सवय.

“दोन हात मारावे लागतील,” तो म्हणाला.

घरी त्याने याबद्दल चकार शब्द काढला नाही. भाजीत मीठ नव्हतं तरी फक्कड झालीय म्हणाला. बायकोला तेव्हाच संशय आला. मग एके सकाळी लोखंडी सांगाडा उभा करणारी माणसं खिडकीसमोर आली, तेव्हा तिने हातातला कोट बाजूला ठेवला.

“अहो, हे काय चाललंय?”

त्याने सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत.

“आणि तुम्ही रंगवणार?”

“मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने रंगवलं असतं.”

“दुसऱ्याने रंगवलं असतं तर मला दुसऱ्याचा राग आला असता,” बायको म्हणाली. “ते सोपं गेलं असतं.”

एवढंच बोलून ती आत गेली. तिने भांडी आपटली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो त्या दिवशी न जेवता कामाला गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे काहीतरी मागायला उभा राहिला.

“मॅडम, आमच्या तेवढ्या खिडकीपुढचं कापड सोडता नाही का येणार? बायकोचं काम उजेडावर आहे.”

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. पण त्यांना वाईट वाटून त्या लगेच बऱ्याही झाल्या.

“पेंटर, मध्येच भोक ठेवलं तर चित्राचा सगळा परिणाम जाईल हो. तुम्ही असं करा, चित्रात हव्या तेवढ्या खिडक्या काढा. मी काही म्हणणार नाही.”

संध्याकाळी त्याने हे बायकोला सांगितलं. अपमान झाला होता, तो वाटून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. बायको बल्बखाली धागे लावून बघण्याचा सराव करत होती आणि तिला ते जमत नव्हतं. ती थांबली.

“काय म्हणाल्या त्या? नेमकं सांगा.”

“हव्या तेवढ्या खिडक्या काढा.”

“मग काढा की.”

“अगं, काढणारच आहे. झडपांच्या, महिरपीच्या...”

“तशा नव्हे,” बायको म्हणाली. “भिंतीत खिडकी काढतात तशा.”

रंगाऱ्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला. काम जाईल, मालक घर खाली करायला सांगेल, शहरात कुणी ब्रश हातात देणार नाही, असं तो बराच वेळ बोलत राहिला. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कापड अखंड आहे की पट्टे जोडायचेत?”

पट्टे जोडायचे होते. आणि शिवायला स्वस्तातलं, घराजवळचं माणूस हवं होतं. अशा रीतीने स्वतःच्या खिडकीवरचा पडदा शिवायचं काम कंपनीने मोठ्या विश्वासाने तिच्याच हाती दिलं.

हॉटेलच्या नाचघरात कापड पसरलं होतं. तो रंगवत होता, ती शिवत होती. त्याने जीव ओतून गल्ली रंगवली. बंद झडपांच्या खिडक्या काढल्या, आणि त्यांतल्या पाच नेमक्या तिथे, जिथे मागे इमारतीच्या खऱ्या खिडक्या येणार होत्या. त्या पाचही खालची बाजू सोडून उरलेल्या तिन्ही बाजूंनी कापल्या, आणि तिने त्या इतक्या बेमालूम कच्च्या टाक्यांनी पुन्हा जोडल्या की कापणाऱ्यालाच सापडेनात. प्रत्येक खिडकीमागे एकच लांब धागा लोंबत ठेवला. तो ओढला की टाका उसवणार. वरच्या चारही घरांना तिने आपापला धागा कुठला ते सांगून ठेवलं.

उद्‌घाटनाच्या सकाळी मॅडमनी कापड पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, “पेंटर, यात दुःख अगदी बरोबर आलंय.”

दुपारी प्रमुख पाहुणे आले. गृहस्थ असे की ते जिथे जात तिथली माणसं आधी बाजूला होत आणि मग त्यांना बघत. त्यांनी फीत कापली, ओलीच्या डागापाशी थांबले, म्हणाले, “हल्ली अशी ओल बघायला मिळत नाही.” मग सगळी मंडळी मागच्या व्हरांड्यात चहाला आली. समोरचं चित्र बघून वाहवा सुरू झाली. रंगारी धुतलेला सदरा घालून कोपऱ्यात उभा होता आणि मनातल्या मनात बायकोला सांगत होता, आज राहू दे, उद्या ओढ, परवा ओढ.

तिने त्याच वेळी ओढला.

चित्रातल्या तळमजल्याच्या खिडकीची झडप सळकन खाली पडली. आत खुर्चीवर एक बाई, मांडीवर काळा कोट, दोन बोटांत सुई. व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं, “काय जिवंत काम आहे!” तेवढ्यात वरची झडप पडली आणि दाढीला साबण लावलेले एक आजोबा दिसले. मग आणखी दोन पडल्या. शेवटच्या खिडकीतून एक पायजमा बाहेर आला आणि दांडीवर पसरला गेला.

मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्या रंगाऱ्याजवळ आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “पेंटर, हे काय आहे?”

स्वतःच्याच शिडीबद्दल आभार मानणारा माणूस तो. पण समोर खिडकीत बायको मान खाली घालून बसली होती, आणि तिने मान वर केली असती तर तिला तो दिसला असता.

“मॅडम, तुम्हीच म्हणालात, हव्या तेवढ्या काढा,” तो म्हणाला. “आम्हाला पाच हव्या होत्या.”

आवाज जरा मोठाच निघाला. मॅनेजरसाहेब पुढे सरसावले. कापड उतरवा, असं ते कुणाला तरी सांगतच होते, इतक्यात प्रमुख पाहुणे कपबशी ठेवून पायऱ्या उतरले. अंगण ओलांडून ते थेट त्या खिडकीपुढे जाऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून, चित्र संपतं कुठे आणि बाई सुरू होते कुठे ते निरखत. त्यांच्यामागे मॅनेजर आणि मॅनेजरमागे मॅडम धावल्या. सगळ्या मोठ्या माणसांची मिळून एक मोठी सावली काळ्या कोटावर पडली.

नवराच येऊन उभा राहिला असणार, असं बायकोला वाटलं. तिने मान वर केली नाही.

“बाजूला व्हा की हो जरा,” ती म्हणाली. “उजेड अडवताय.”

प्रमुख पाहुणे गडबडीने बाजूला झाले. ते झाले म्हणून मॅनेजर झाले, आणि मॅनेजर झाले म्हणून मॅडमही झाल्या. तिने सुई उजेडात धरली, धागा काळाच आहे ना ते पाहिलं आणि टाका घातला.