तप्पु कुटंय?

मामा गेल्याचा फोन वळसंगहून आला तेव्हा मी सानिकाच्या डब्यासाठी भाकरी थापत होते. मामी एवढंच म्हणाली, "शैला, तुजा मामा गेला गं... झोपेतच." तव्यावरची भाकरी करपली आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता गॅलरीतल्या फळ्यावर गणित कोण लिहिणार? रडू नंतर आलं, आणि पुष्कळ आलं.

मल्लिनाथमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांनी जन्मभर वळसंगच्या आसपासच्या शाळांत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर महिन्याचे निम्मे दिवस ते आमच्याकडे, जुळे सोलापुरात, राहायचे. गॅलरीत त्यांनी एक फळा ठोकून घेतला होता. रोज सकाळी त्यावर एक सोडवलेलं गणित लिहायचे आणि त्यात मुद्दाम एक चूक पेरायचे. कानडीत चुकीला तप्पु म्हणतात. "सानिकाबाई, तप्पु कुटंय?" अशी हाक आली की माझी लेक तोंडात टूथपेस्टचा फेस घेऊनच ओरडायची, "सापडला!" तिसरीत असतानाच ही पोर पाचवीच्या गणितातल्या चुका काढायची. शाळेत मात्र ती गप्प होत चालली होती. बाईंची बेरीज दुरुस्त केली म्हणून तिला आगाऊ ठरवलं गेलं, तेव्हापासून उत्तर येत असूनही हात वर करेना. पाचवीला शाळा बदलायची हे नक्की होतं, घोर होता तो कुठल्या शाळेत घालायची याचा. पुन्हा चुकलो तर ही पोर कायमची मिटेल, अशी मला धास्ती वाटायची.

नवऱ्याने एक नावाजलेली शाळा हेरून ठेवली होती. थंडगार वर्ग, रोबोट बनवायची प्रयोगशाळा, भिंतीवर गुणवंतांचे फोटो. मामा म्हणाले, "फोटू बगून पोरगी द्यायची व्हय? मला वर्गात जाऊ दे की." निवृत्त शिक्षक म्हटल्यावर तिथे त्यांना मानाने वर्गात नेलं, मी दारात उभी राहिले. मामांनी फळ्यावर ठसठशीत लिहिलं, १/२ + १/३ = २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली! साऱ्या वर्गाने मान खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं. बाईंना चूक दिसली होती, चेहऱ्यावरून कळत होतं, पण पाहुण्याला कसं बोलायचं... शेवटी मामांनीच पुसून दुरुस्त केलं. बाहेर येऊन स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "पोरं हुशार हायत गं. पन तप्पु म्हनायला भ्यात्यात."

मग ते मला घेऊन गेले एका साध्या मराठी शाळेत, जिचा आम्ही विचारही केला नव्हता. तिथेही तेच गणित. मामांनी खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, "ओ आजोबा, चुकलंय की! निम्म्यात भर घातल्यावर निम्म्याहून कमी कसं हुईल?" वर्ग हसला. आता सर डोळे वटारणार म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "व्हय की! ये, तूच समजावून सांग आजोबांना." मामांनी तिच्यापुढे खडू धरला. मला तिथे दारातच हुंदका आला. नवरा पुढे दोन-चार दिवस धुसफुसला. मामांनी त्याला एवढंच ऐकवलं, "जावईबापू, रोबोट काय, मी घरी आनून देतो. चुकलं म्हनायची मुभा कुटनं आनू?"

सानिका आता त्याच साध्या शाळेत आठवीत आहे. सरांशी गणितावरून वाद घालते, हरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा घालते. आमची निवड बरोबर होती, हे मी छातीठोकपणे सांगते. शेवटच्या खेपेला गावी निघताना मामांनी तिच्यासाठी फळ्यावर गणित लिहून ठेवलं होतं. मामांचं कार्य आटोपून आम्ही परतलो, तरी ते तसंच होतं. कपडे वाळत घालताना धक्का लागू नये म्हणून मी जपायची. सानिका रोज त्यापुढे उभी राहायची आणि खडू न उचलताच आत यायची. पुन्हा मिटते की काय ही पोर...

परवा सकाळी गॅलरीतून हाक आली, "आई, तप्पु कुटंय?"

मी ओल्या हातांनी धावले. मामांचं गणित जागच्या जागी होतं, फक्त चुकलेल्या आकड्याभोवती एक गोल होता. त्याखाली सानिकाच्या अक्षरात एक नवं, लांबलचक गणित. मी अजून त्याच्याशी झुंजते आहे. तप्पु काही सापडत नाही. विचारलं, तर ती मामांसारखीच मिश्कील हसते आणि म्हणते, "शोध की."