आमच्या शेडातली रॉकेटची रिंग

सुंऽऽऽ! शिरवळच्या शेडात पहिल्या दिवशी लेथचा तो आवाज ऐकला आणि मी कान झाकले. तेव्हा तरणा होतो, शाळा चौथीपर्यंत. लेथवर वडूजचा दादू होता. म्हणाला, "नाना, कान झाकू नगंस. लेथ काय बोलतीया ते ऐक." कडा घासायचं काम त्यानंच मला शिकवलं. लेथखाली कीस साठतो तसे पुढं किस्से साठत गेले. कितीही झाडा, कोपऱ्यात चार राहतातच.

*

चंद्राकडं जाणाऱ्या रॉकेटची एक रिंग आमच्याकडं आली. आमच्याकडं नवी मोटरसायकलसुद्धा हळदीकुंकवाशिवाय रस्त्यावर येत नाही. ही तर आभाळात जाणार! दादूनं तयार रिंगेवर कुंकवाची पाच बोटं ओढली.

तपासणीच्या साहेबांनी माप घेतलं. "जास्त भरतंय!"

मालक गडबडले. "साहेब, ते कुंकू आहे. शुभ असतं."

"असेल. पण शुभ किती मायक्रॉन लावायचं, ते ड्रॉइंगमध्ये नाही!"

रिंग पुसली, माप बरोबर आलं. तेव्हापासून आम्ही पूजा रिंग पाठवायच्या खोक्याची करतो.

*

दादूच्या आईनं विचारलं, "त्ये यान तितं जाऊन काय करनार रं?"

"पानी हुडकनार, आई."

"मग जाता जाता आपल्या हिरीत बी डोकवा म्हनावं!"

*

ते यान चंद्राजवळ जाऊन गप्प झालं. दादू दोन दिवस जेवला नाही. "माजीच रिंग गेली असंल, नाना."

तपासणीच्या साहेबांच्या कानावर गेलं. ते मुद्दाम शिरवळला आले. "दादू, तुमची रिंग रॉकेटमध्ये होती. रॉकेटनं काम चोख केलं, मग रिंग समुद्रात पडली."

"म्हंजी बुडालीच की!"

साहेब हसले, दादू नाही. पण एका कारागिरासाठी तो माणूस एवढ्या लांबून आला, हे उपकार मी विसरत नाही.

*

पुढच्या यानाच्या रॉकेटची रिंग दादूनंच केली. मला म्हणाला, "कडा तूच बघ. माज्या नजरंवर माजा भरवसा न्हाई ऱ्हायला. आन् ह्ये बी गेलं, तर मी चाललो गावाला, मेंढरं राखायला."

"मेंढरं तुला वळखायची न्हाईत, गड्या!"

चौथी शिकलेल्या माणसावर त्यानं एवढा विश्वास टाकला. ती कड मी बोटानं किती वेळा चाचपली, सांगता येत नाही.

*

यान उतरायच्या संध्याकाळी मालकांनी शेडाबाहेर टीव्ही मांडला. दादू गावाला जायची पिशवी भरूनच आला होता. पडद्यावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. उतरलं! शेडातली पोरं नाचली. मालकांनी पेढा पुढं केला, "दादू, बोला की दोन शब्द!"

दादू उठला. माझा हात धरून माझी बोटं त्यानं आपल्या डोळ्यांना लावली. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

तिथून एक वाट गेटकडं जाते, एक आत लेथकडं. दादू आतल्या वाटेनं गेला.