मोहिते सिस्टरचं स्टूल

मोहिते सिस्टर वॉर्डात यायच्या आधी त्यांचं स्टूल यायचं. अगदी खरंच आधी यायचं. लोखंडी, हिरवा रंग उडालेलं, एक पाय किंचित आखूड. त्या ते पायाने ढकलत आणायच्या आणि फरशीवर त्याचा असा कर्कश आवाज व्हायचा की झोपलेले पेशंट उठून बसायचे. नर्सने वॉर्डात बसायचं नाही असा नियम होता. डॉक्टर बसतील, नातेवाईक बसतील, आवारातली शेळी आत येऊन बसली तरी तिला कोणी काही म्हणणार नाही, पण नर्स उभी. पहिल्याच दिवशी मी धीर करून म्हटलं, "सिस्टर, मेट्रन ओरडतील ना." तर म्हणाल्या, "ओरडू देत. उभ्याने सांगितलं की पेशंटला वाटतं ही आता पळणार. आणि बरोबरच वाटतं त्याला."

हे धारचं. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी नर्सिंग पास होऊन नुकतीच लागले होते. आमचं घर देवासला. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले, म्हणून सिस्टर मला नावाने कधी हाक मारायच्या नाहीत. "ए देवासवाली!" त्या स्वतः धारच्या, दरबाराबरोबर आलेल्या घराण्यातल्या. त्यांचे पणजोबा कधी घोडदळात असायचे, कधी खजिन्यावर. समोर ऐकायला कोण बसलंय त्यावर ते ठरायचं.

म्हणजे बघा, हे आधीच सांगून टाकते. सिस्टर खोटं बोलायच्या. भरपूर आणि मजेत. वय विचारलं तर दर वर्षी तेच. हाटातली साडी इंदूरची म्हणून मिरवायच्या. नवऱ्याला निरोप धाडायच्या की आज इमर्जन्सी आहे, उशीर होईल, आणि आमच्यात बसून कचोऱ्या खायच्या. ती इमर्जन्सी कचोरीचीच असायची. मी एकदा चिडवलं, तर त्यांनी कचोरी खाली ठेवली. "माझ्याबद्दल खोटं बोलायचा हक्क मला आहे. माझं वय माझं, माझी साडी माझी. पेशंटच्या अंगात काय गेलं ते माझं नाही ना, देवासवाली. ते त्याचं आहे."

आता आमचं हॉस्पिटल. तिथं चुका होतच नव्हत्या, तिथं फक्त 'रिएक्शन' व्हायच्या. सुई चुकीच्या जागी टोचली, रिएक्शन. औषध उशिरा दिलं, रिएक्शन. एकदा पेशंट पलंगावरून पडला आणि त्याचं कपाळ फुटलं, तर डॉक्टर तिवारी त्याच्या भावाला म्हणाले, "रिएक्शन है भिया, उतर जाएगा." भावाने हात जोडले. तिवारी डॉक्टर वाईट नव्हते, हं. हाताला गुण होता त्यांच्या. फक्त त्यांना वाटायचं की लोकांना खरं सांगितलं तर लोक आजारी पडतात.

आणि ज्याला खरं बोलायची खाजच असेल त्याच्या बदलीसाठी जिल्ह्याचा नकाशा होता. थोडं खरं बोललं की अमझेरा. जास्त बोललं की आणखी लांबचं गाव, मनावर. अगदी पूर्ण खरं बोललं की सगळ्यात लांब, कुक्षी. सिस्टर मनावरहून नुकत्याच धारला परतल्या होत्या. मुलगी नववीत होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. "आता मी मुकी," त्या म्हणायच्या, "पोरीची मॅट्रिक होईपर्यंत तोंडात मिठाची गुळणी." आणि लगेच तासभर बोलायच्या.

अशात जगदाळे आजी भरती झाल्या. ताप आणि खोकला, बाकी काही नाही. मुलगा बाळासाहेब जगदाळे, मिशीवाले, कुठल्याशा कचेरीत हेड क्लार्क, पण चालणं असं की मागे अजून हत्ती येतोय. नात शैला आजीजवळ असायची. तिचं लग्न देवासला ठरत आलेलं. मुलगा कारखान्यात फिटर. सुपारी फुटायची बाकी होती.

आजींना मिळाला पलंग सहा, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आरडाओरडा केला, "पाय दक्षिणेला होतायत! मला काय यमाकडे पोचवायला आणलंय?" आता ह्यात नवीन काही नव्हतं. आमच्याकडे जुन्या घराण्यातली म्हातारी माणसं भरती झाली की आधी दिशा विचारायची आणि मग डॉक्टर. सिस्टरना ते पटायचंही. त्यांनी समोरच्या रांगेतल्या सरजूबाईंना विचारलं. सरजूबाई अमझेऱ्याकडच्या, डायबिटीसच्या. त्या म्हणाल्या, "म्हने कई फरक नी पड़े बेन," म्हणजे मला काही फरक पडत नाही, आणि हसत उठल्या. अदलाबदल झाली. सगळे खूश, यम सोडून.

सकाळी सिस्टरनी इंजेक्शनची फेरी केली. काचेच्या पिचकाऱ्या उकळल्या, ट्रे घेतला आणि नेहमीप्रमाणे पलंग बघत निघाल्या. आमच्याकडे माणसाला नाव नसायचं, पलंगाला नंबर असायचा. डायबिटीसवाल्यांची साखर उतरवणारं इन्सुलिन जायचं होतं सरजूबाईंना, म्हणजे काल संध्याकाळपर्यंतच्या पलंग बाराला. आणि पलंग बारावर आता पाय उत्तरेला करून जगदाळे आजी झोपल्या होत्या. त्यातून ती एकादशी होती. आजींची एकादशी नुसत्या पाण्यावरची, सकाळपासून दुसरं काही घेतलं नव्हतं.

शैला धावत आली तेव्हा आजींना दरदरून घाम फुटला होता. काहीबाही बडबडत होत्या, शैलाला आपली मेलेली नणंद समजून शिव्या देत होत्या, आणि मग डोळे फिरले, हातपाय झटके द्यायला लागले. तिवारी डॉक्टर आले, त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि थोड्या वेळात आजी डोळे उघडून म्हणाल्या, "उद्याच्या पारण्याला काय करताय?" वॉर्डात टाळ्या! बाळासाहेबांनी डॉक्टरांचे पाय धरले.

तेवढ्यात पलीकडून सरजूबाई म्हणाल्या, "सिस्टर बेन, आज म्हने सुई नी लगई?"

सिस्टरनी आधी पलंग बारा बघितला, मग सहा. मी बघितलं ते. मग त्या सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, मी मागे. "सर, इन्सुलिन जगदाळे आजींना गेलं. मी दिलं."

डॉक्टरांनी चहा ढवळला. "अच्छा. तो अब आपको पता है, मुझे पता है. बस."

"त्यांना सांगावं लागेल."

"सिस्टर, बुढ़िया ठीक है ना? मैंने बोल दिया है कि दौरा था, मिर्गी का. गोली लिख दी है, रोज़ लेंगी, आराम से सोएँगी."

"मिरगी? सर, त्यांना मिरगी नाहीये!"

"तो गोली से और नहीं होगी," डॉक्टर म्हणाले, आणि हे त्यांना अगदी शास्त्रीय वाटलं. मग मऊ आवाजात, "मनावर से अभी तो आई हो आप."

दोन दिवस सिस्टरनी आमच्यात बसून काही खाल्लं नाही. कचोरीसुद्धा नाही. आजी गोळ्या खाऊन जेवतानाही पेंगत होत्या. मला मनातून वाटत होतं, जाऊ दे ना, म्हातारी घरी जाईल, संपलं. मी तसं म्हटलंही. सिस्टर म्हणाल्या, "घरी जाईल, पण बरोबर काय नेईल?"

ते कळलं आजींच्या सुट्टीच्या दिवशी. बाळासाहेबांनी वॉर्डातच सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, पेढे. आणि देवासची मंडळी तब्येत विचारायला म्हणून आली होती, मुलाचे आई-वडील. बाळासाहेबांनी उत्साहात भाषण ठोकलं. आईला मिरगीचा केवढा मोठा दौरा आला आणि डॉक्टरसाहेबांनी काळाच्या दाढेतून कसं ओढून काढलं, झटक्यांचं वर्णन हातवारे करून. देवासच्या बाई ऐकता ऐकता पदर आवळत गेल्या. मग हळूच नवऱ्याला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "आपल्याकडे हो सगळी धडधाकट माणसं. रक्तातनं येतं म्हणतात हे." बाळासाहेबांचे हात हवेतच राहिले. शैलाचं तोंड पांढरंफटक. कोणी काही मोडलं नव्हतं, पण मोडताना जो आवाज येतो तो सगळ्यांनी ऐकला.

आणि मग दुसरा आवाज आला. फरशीवर स्टूल घासल्याचा.

सिस्टरनी ते आजींच्या पलंगापाशी आणलं, बसल्या, टोपी नीट केली. "आजी, तुम्हाला मिरगी नाही. एकादशीला सकाळी मी तुम्हाला दुसऱ्या बाईचं इंजेक्शन दिलं. पलंग बदलला होता, मीच बदलू दिला होता, आणि मी चेहरा बघितला नाही. त्याने तुमची साखर उतरली, म्हणून झटके आले. चूक माझी. ह्या गोळ्या तुम्हाला नकोत, पण एकदम टाकू नका, डॉक्टर सांगतील तशा बंद करा. मला फार वाईट वाटतंय."

शाल तेव्हा अर्धी डॉक्टरांच्या खांद्यावर होती आणि अर्धी बाळासाहेबांच्या हातात. कोणी ओढेना, कोणी सोडेना.

"म्हणजे तुम्ही माझ्या आईला मारत होता!" बाळासाहेब ओरडले.

"हो," सिस्टर म्हणाल्या.

ह्या 'हो'ने त्यांची पंचाईतच झाली. ते भांडायच्या तयारीने पुढे सरसावले होते आणि समोर भांडायला कोणीच नाही! ते डॉक्टरांकडे वळले. डॉक्टर म्हणाले, "ऐसा भी हो सकता है."

"हो सकता है नहीं सर," सिस्टर बसल्या जागेवरून म्हणाल्या, "हुआ है. ह्या ताईंना सांगा, हे रक्तातनं येतं का?"

डॉक्टरांनी देवासच्या बाईंकडे बघितलं, शालीकडे बघितलं, आणि माणूस वाईट नव्हता म्हणाले ना मी, शाल खांद्यावरून काढून घडी केली. "नहीं आता, बहनजी. सिस्टर सही कह रही हैं."

आजी इतका वेळ विचार करत होत्या. "मग शिरेतनं दिलं ते काय होतं?"

"साखर, आजी."

"म्हणजे माझी एकादशी मोडली?"

मी मागून कुजबुजले, "शिरेतनं गेलं तर मोडत नाही म्हणा ना." सिस्टर म्हणाल्या, "ते भटजींना विचारा आजी. मी साखर चढवताना हात धरला होता, एवढं मला माहीत." आजींनी त्यांना इन्सुलिन तिथल्या तिथे माफ केलं. एकादशी शेवटपर्यंत माफ केली नाही.

मग चौकशी समिती बसली. समितीने वॉर्डात येऊन दक्षिण नेमकी कुठे यावर अर्धा दिवस घातला. एक सदस्य म्हणाले खिडकीकडे, दुसरे म्हणाले न्हाणीघराकडे, शिपायाला गच्चीवर पाठवलं. निष्कर्ष आला: पलंग हलवू नयेत, वॉर्डातली सर्व स्टुलं स्टोअरमध्ये जमा करावीत, आणि सिस्टर मोहिते, कुक्षी. सुई देण्याआधी पेशंटचं नाव विचारावं असं सिस्टरनी सुचवलं होतं. ते समितीला विषयाला धरून वाटलं नाही.

तक्रार बाळासाहेबांनीच केली होती, कडक. आणि त्याच आठवड्यात शैलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन तेच स्वतः सिस्टरच्या दारात उभे राहिले. "तक्रार तक्रारीच्या जागी," म्हणाले, "लग्नाला यायचं." सिस्टर गेल्या, इंदूरची साडी नेसून. पंक्तीत चार जिलब्या खाल्ल्या आणि शैलाच्या सासूला सांगितलं की पणजोबा सेनापती होते. स्वतःच्या मुलीला मात्र मॅट्रिकला मामाकडे ठेवावं लागलं, आणि त्यांच्या सासूबाई गेल्या तेव्हा सिस्टर कुक्षीहून वेळेवर पोचल्या नाहीत. त्यावर त्या कधीच काही बोलल्या नाहीत, खोटंसुद्धा.

रिटायर होऊन त्या देवासला राहायला आल्या आणि मागच्या वर्षी आमच्याच वॉर्डात भरती झाल्या, हृदय थकलं म्हणून. मी आता इथेच आहे. बघते तर त्यांचे पाय दक्षिणेला! म्हटलं, पलंग फिरवू का? "नको बाई. परत समिती बसेल."

दुसऱ्या दिवशी त्यांचा हात कोपरापर्यंत सुजला. सलाइन शिरेत न जाता बाहेर मांसात उतरत होतं आणि ड्यूटीवरच्या रेखाच्या ते लक्षात आलं नव्हतं. रेखा नवीन, देवासचीच, बोलताना अर्धं हिंदी. आमच्या इन्चार्ज म्हणाल्या, "बोल दे, उमर की वजह से नस कमज़ोर है." रेखा उभी राहिली. आता मी सिस्टरची गोष्ट आमच्या वॉर्डात किती वेळा सांगितली असेल, मला गप्प बसवतच नाही. रेखाने इकडेतिकडे बघितलं, आणि स्टूल ओढलं.

"सिस्टर, तुमचा हात माझ्यामुळे सुजला. मी बघायला पाहिजे होतं, नाही बघितलं."

"स्टूल जवळ घे," सिस्टर म्हणाल्या. सगळं ऐकून घेतलं आणि मग तिला असं झापलं, असं झापलं, की बाजूच्या वॉर्डातले लोक दारात आले. रेखा रडायला लागली तेव्हा म्हणाल्या, "रडणं नंतर. आज संध्याकाळी माझी मुलगी येतेय इंदूरहून. तिला पण असंच सांगशील."

मुलगी आली तेव्हा सिस्टर नव्हत्या. दुपारी झोपेतच हृदय थांबलं. हाताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण ते आम्हाला माहीत. मुलगी आईजवळ बसली, चादर सारखी केली, आणि तिला तो हात दिसला.

"हे काय झालंय हाताला?"

इन्चार्ज पुढे झाल्या, आवाज मऊ. "रिएक्शन है बेटा. उमर हो गई थी ना."

मुलीने मान हलवली. तिला पटलं होतं. ज्यांनी खरं सांगायला लावलं असतं त्या चादरीखाली होत्या, आणि आज हे सांगणं म्हणजे आईचा जीवच आपण घेतला असं अंगावर ओढून घेणं. मी रेखाकडे बघितलं. ती तिच्या जागेवर नव्हती.

फरशीवर कर्कश आवाज झाला. सगळा वॉर्ड उठून बसला.