घोड्याच्या घरातलं प्यादं

आज आमच्या थोरल्या जावेला मरून वर्ष झालं. आमचं दोघींचं कवा पटलं न्हाई.

आधीच सांगते. म्हंजे खाली कुणी "किती प्रेम होतं" असलं लिहू नका.

आक्का म्हणायचो तिला. आटपाडीकडची. बाप मेंढरं राखायचा.

त्या बापानं तिला माळावर बुद्धिबळ शिकवलं. सपाट दगडावर चुनखडीनं घरं आखायची. राजा, वजीर, हत्ती मातीचे. प्यादी म्हंजे मेंढरांच्या लेंड्या.

नवी नवरी असताना मला हे सगळं कौतुकानं सांगितलं तिनं. मी म्हटलं, "आवं आक्का, आमच्या माहेरी लेंड्या शेतात टाकत्यात."

तवापासनं जे बिनसलं, ते बिनसलंच.

चाळीस वर्सं घरात तिच्याशी खेळायला कोण न्हवतं. तिचा नवरा, म्हंजे आमचं थोरलं दीर, म्हणायचं, "तुझ्या बाचा डाव म्हंजे पोरखेळ. खरं बुद्धिबळ शिकल्याली माणसं खेळत्यात."

मी पण हसायची. खोटं कशाला बोलू.

ती एकच म्हणायची, "एकदा शिकल्याल्या माणसाम्होरं बसणार हाय मी. बाचा डाव खरा का पोरखेळ, ते मला कळाय पायजे."

मग तिची नात ऋतुजा कॉलेजात बुद्धिबळ शिकून आली. तिनं आजीला आताचे नियम सांगितले. प्यादं पयल्यांदा दोन घरं जाऊ शकतं म्हणाली.

आक्का म्हणाली, "एवढी कसली घाई त्याला?"

पर शिकली. आणि ऋतुजाला रोज हरवायची. एखादं प्यादं शेवटच्या घरापातूर पोचायच्या आतच डाव आटपायचा. त्यामुळं तिथला नियम सांगायचा राहूनच गेला.

सांगलीत ओपन टूर्नामेंट होती. ऋतुजानं स्वतःच्या नावाबरोबर आजीचं नाव घातलं. भाकरीचा डबा घेऊन मी संगं गेले.

मंगल कार्यालयाचा मोठा हॉल. सगळी गप्प. मी खोकले तर पंच माझ्याकडं बघायला लागले.

पयल्याच डावाला आक्काच्या समोर कॉलेजात शिकवणारे एक सर आले. रेटिंगवाले. माणूस चांगला व्हता. म्हणाले, "आजी, निवांत बसा. घड्याळ जमतंय ना?"

आक्का म्हणाली, "घड्याळाचं मी बगते. तुमी तुमच्या राजाचं बगा."

तासभर झाला. मला त्यातलं काय कळत न्हाई, पर ऋतुजाचा चेहरा कळत व्हता. आपला डाव सोडून ती दोनदा येऊन बघून गेली. आजीचं एकच प्यादं लांब गेलं व्हतं, बाकी सगळी पडझड.

ते प्यादं शेवटच्या घरात पोचलं.

अशा वेळी माणूस वजीर घेतो म्हणं. सगळ्यात ताकदीचा. आक्कानं बाजूला पडलेला मेलेला घोडा उचलला आणि ठेवला. घड्याळ दाबलं.

सर हसले. हळूच म्हणाले, "आजी, वजीर घेता येतो. आता मात्र बदलता येणार नाही."

"घोड्याच्या घरात पोचलंय. घोडाच हुनार की. वजीर कसा हुईल?"

माळावरचा नियमच तसा व्हता. प्यादं ज्याच्या घरात पोचेल, तेच व्हायचं.

ऋतुजानं कपाळाला हात लावला. मग तोच हात तोंडावर गेला.

सरांनी पटावर बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. घोड्यानं राजाला शह दिला व्हता. आणि सरांचा वजीरसुद्धा त्याच घोड्याच्या टप्प्यात. राजा हलवला की वजीर गेला.

अर्ध्या तासात सरांनी राजा आडवा केला, म्हंजे हार मानली. माणसं गोळा झाली. सर म्हणाले, "वजीर घेतला असता तर पुढच्या चालीला मी मात देत होतो. आजी, केवढं लांबचं बघितलंत!"

फोटो काढत व्हते. आक्का म्हणाली, "न्हाई वो. वजीर घेता येतो, हेच मला ठावं न्हवतं. चुकून झालं."

मी चिमटा काढला. "गप बसा की आक्का. कोण इचारतंय?"

"चुकीचं जितून काय करू?"

बाकीचे सगळे डाव हरली. एसटीत तोंड फिरवून बसली. घरी सगळ्यांनी कौतुक केलं, तर म्हणाली, "ते धरायचं न्हाई. मला जे कळाय पायजे व्हतं, ते कळलंच न्हाई."

पंधरा दिवसांनी सर घरी आले. ऋतुजाला फोन करून, ऐतवारी. म्हणाले, "आजी, तुमच्या वडलांच्या नियमानं खेळू. सगळे नियम सांगा."

पडवीत बसले दोघं. पयला डाव सर हरले. दुसरा आक्का हरली. तिसऱ्याला सरांनी दोनदा घाम पुसला, चहा गार केला, आणि हरले.

"अजून एक, आजी."

"आता म्हशीची धार काढायची हाय. पुढल्या ऐतवारी या."

सर गेले. आक्का पटाकडं बघत बसली. मग मला म्हणाली, "बगितलंस?"

मी म्हटलं, "दूध उतू चाललंय, तिकडं बगा आदी."

दूध गॅसवर न्हवतंच.

पुढं लय ऐतवार गेले. सर येत राहिले. मी चहा देत राहिले, पर तिला उत्तर दिलं न्हाई. मग ती गेली.

आक्का, बगितलं व्हतं मी. तुमचा बा खरा व्हता.

सगळ्यांम्होरं लिहिते हाय, कारण आता तुमी मान ताठ करून माझ्याकडं बघायला न्हाई.

धाकट्या जावेचा नमस्कार घ्या.