‘स’ पोचवणारी लाइन

आमच्या मुलीच्या कानामागे ऐकू येण्याचं मशीन बसलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. ऑपरेशन पुण्यात झालं. मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा ती दचकली आणि रडायला लागली. आम्ही दोघं नवरा-बायको मात्र हसत होतो, कारण ती आवाजाने रडली होती. डॉक्टर म्हणाले, आता खरं काम सुरू. मशीन आवाज आत नेऊन सोडतं, तो कशाचा हे तिला शिकवावं लागेल, आणि लहान वयातच शिकवावं लागेल. उशीर केला तर मेंदू तेवढं शिकत नाही.

शिकवणाऱ्या मॅडमही पुण्याच्याच. जळगावात तसं शिकवणारं आम्हाला कुणी मिळालं नाही. नवरा ठिबकचे पाइप बनवणाऱ्या कंपनीत शिफ्टवर, घरात थकलेले सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणतो. पुण्याला बिऱ्हाड हलवणं शक्य नव्हतं. मग मॅडमनी मार्ग सांगितला. आठवड्यातून दोनदा, दुपारी तीनला, व्हिडिओवर बसायचं. त्यांच्याकडे तेवढीच वेळ रिकामी होती.

“फक्त नेट चांगलं घ्या, आई,” त्या म्हणाल्या. मुलांच्या आयांना त्या आईच म्हणतात.

आमचं घर शहराच्या कडेला, नव्या प्लॉटांच्या वस्तीत. तिथे तेव्हा दोनच सोयी होत्या. एक, गल्लीतल्या केबलवाल्याची लाइन. दुसरी, मोठ्या कंपनीचा गच्चीवर बसवायचा बिनतारी डबा. सरकारी लाइनच्या ऑफिसात जाऊन आले, तर तिथल्या माणसाने नकाशासुद्धा न बघता सांगितलं, “तुमच्या एरियात अजून आली नाही.” शेजारच्या ताईंना विचारलं, कोणती घेऊ. त्या म्हणाल्या, “केबलवाल्याचीच घे. स्वस्त आहे, आणि आमचं मस्त चालतं. मॅच बघतो ना आम्ही.” मॅच मध्येच अडकली तरी थोड्या वेळाने पुढे जाते. आमच्या मुलीसमोर शब्द अडकला की तो गेलाच, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मशीनच्या बॅटऱ्या, पुण्याच्या खेपा, सगळं एका पगारात बसवायचं होतं. स्वस्त ती लाइन घेतली.

मॅडमचा तास असा असायचा. त्या आपला कॅमेरा बंद करायच्या, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि एकेक आवाज काढायच्या. आ, ऊ, ई, म, श, स. आवाज ऐकू आला की मुलीने हातातली रंगीत चकती दांड्यात टाकायची. या सहा आवाजांत बोलण्याचे बहुतेक आवाज येऊन जातात, त्यातला ‘स’ सगळ्यात बारीक. मग तेच आवाज मुलीने काढायचे आणि मॅडमनी ऐकायचे. सुरुवातीला पुण्यात, समोरासमोर बसून, तिने सहाही वेळा चकती टाकली होती. मी मॅडमच्या टेबलाखाली हात जोडले होते.

केबलवाल्याच्या लाइनवर आ आणि म यायचे. ई कधी यायची, कधी फाटून यायची. श आणि स यांच्या जागी नुसती खरखर. मुलगी चकती हातात धरून माझ्याकडे बघत राहायची. तिला आवाज आला नाही, की आवाज पुण्याहून निघून वाटेतच हरवला, हे कळायला काही मार्ग नव्हता. मॅडम तिकडून विचारायच्या, “टाकली का?” आणि त्यांना आमचं गोठलेलं चित्र दिसत असायचं.

मी केबलवाल्याला फोन करायची. तो भला माणूस होता, कधी आवाज चढवला नाही. “ताई, पुढच्या गल्लीतली लाइट गेली असेल. आपला डबा तिथं आहे ना.” आमच्या घरी इन्व्हर्टर होता, पण लाइट गेलेली असायची त्या गल्लीत. तिथे लाइट असली तर वायर तुटलेली. ती खांबावरून खांबावर लोंबत आलेली होती, आणि कापूस वेचणी सुरू झाली तशा उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याने जायला लागल्या. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका ट्रॉलीने वायर ओढून नेली. मी गच्चीवरून ओरडले, पण ट्रॅक्टरवाल्याने गाणी लावली होती. केबलवाला दुसऱ्या दिवशी आला, जोड मारून गेला. “आता बघा कशी पळते,” म्हणाला. पळाली ती, पुढच्या ट्रॉलीपर्यंत.

थंडी संपताना आम्ही ती लाइन सोडून गच्चीवरचा डबा घेतला. महाग पडला. नवऱ्याने ओव्हरटाइम धरला. पण पहिले काही तास इतके स्वच्छ झाले, की मॅडमच्या मागच्या भिंतीवरच्या पताका मला पहिल्यांदा दिसल्या. मुलगी ‘आ’ला चकती टाकायची, ‘ऊ’ला टाकायची, हसायची. बारीक श-स मॅडमनी पुढच्या तासांवर ठेवले होते. मी नवऱ्याला म्हटलं, पैसे गेले तर गेले, सुटलो.

मग उन्हाळा आला. जळगावचा उन्हाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. दुपारी गच्चीवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. तो डबा बरोबर तीनच्या सुमाराला तापून बंद पडायचा आणि सूर्य कलला की आपला आपण सुरू व्हायचा. कंपनीच्या फोनवर गोड आवाजाची मुलगी म्हणायची, “मॅडम, आमच्याकडे तर सिग्नल पूर्ण दिसतोय.” ती संध्याकाळी बघत असायची. नवऱ्याने डब्यावर हिरव्या जाळीचा मांडव केला. मी भोवती ओली पोती टाकली, ती तासाभरात कडकडीत वाळायची. मॅडमना सकाळची वेळ मागितली. त्या म्हणाल्या, “सकाळी दवाखान्यात असते, आई. माझ्याकडे खरंच नाही.”

त्या दिवसांत मी घरात कुणाशी नीट बोलत नव्हते. दोन वाजले की माझी तयारी सुरू. मुलीला लवकर जेवू घालायची, मशीन लावायची, चकत्या मांडायची, आणि फोनकडे बघत बसायची. तिलाही ते कळायला लागलं. चित्र गोठलं की ती मशीनचं कानामागे चिकटणारं चुंबक काढून माझ्या हातात द्यायची. पुरे झालं, असं. मी ते परत लावायची, ती परत काढायची. एकदा मी तिचे दोन्ही हात घट्ट धरून ते लावलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच ते काढलं.

मे महिन्यात एकदा, डबा बंद पडायच्या आधी, मॅडम म्हणाल्या, “आई, मला तिचा ‘स’ ऐकू येत नाही. ‘श’सुद्धा नाही.”

“ती म्हणते, मॅडम. घरात म्हणते. साखर म्हणते. तुमच्यापर्यंत पोचत नाही, नेट खातं.”

त्यांनी समोरची वही मिटली.

“आईला ऐकू येतं,” त्या हळू म्हणाल्या. “दुसऱ्यांना यायला हवं. हे बघा, असं अंदाजाने मी शिकवू शकत नाही. एक तर चांगल्या लाइनवर बसा, नाहीतर पुण्याला राहायला या. तिची ही वर्षं परत येणार नाहीत.”

मग डबा बंद पडला आणि पुढचं ऐकू आलं नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आबा दारात येऊन उभे राहिले. ते पारोळ्याकडच्या खेड्यातले, घरात अजून अहिराणीच बोलतात.

“काय व्हयनं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. धुळ्याला माझ्या भावाकडे चांगली लाइन आहे, वहिनी घरूनच कंपनीचं काम करते म्हणून त्यांनी भारीतली घेतली आहे, हेही बोलून गेले. पण तुम्हाला आणि ह्यांना टाकून कशी जाऊ?

“तू पोरले लई जाय,” आबा म्हणाले. “मी आठे शे ना. मना भाकरीनं मी दखी लिसू.”

ज्या माणसाने आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता, तो म्हणत होता, पोरीला घेऊन जा, माझ्या भाकरीचं मी बघून घेईन.

दोन दिवसांत मी मुलीला घेऊन एसटीने धुळ्याला गेले. देवपुरातला भावाचा तिसरा मजला, दोन खोल्या आणि गॅलरी. वहिनी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून दिवसभर कुणाकुणाशी इंग्रजीत बोलत असायची. तीन वाजता ती आपलं टेबल आम्हाला द्यायची आणि स्वतः लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसायची. तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. म्हणूनच मला जास्त संकोच वाटायचा. माहेर झालं तरी, लेक चार दिवसांची पाहुणी म्हणून येते. मी किती दिवसांसाठी आले होते ते मलाच माहीत नव्हतं.

पहिल्या तासाला मॅडमचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. ओठ आणि आवाज एकत्र. मी मनात म्हटलं, आता ऐकाच तुम्ही माझ्या मुलीचा ‘स’.

कॅमेरा बंद झाला. आ. चकती पडली. ऊ. पडली. ई, म, दोन्ही पडल्या. मग ‘श’ आला. मी तो स्वच्छ ऐकला. मुलीने मान जराशी हलवली, चकती वर उचलली आणि तशीच धरली. मग ‘स’ आला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला. मुलगी माझ्याकडे बघत होती, पुढचा आवाज कधी येतो म्हणून वाट बघत.

लाइनवर खरखर नव्हती. वायर तुटली नव्हती, डबा तापला नव्हता. दोष द्यायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

“साखर म्हण,” मी तिला म्हटलं. माझा आवाज चढला होता. “म्हण ना, बाळा. साखर.”

ती म्हणाली, “आखर.”

मग मला कळलं, की घरातही ती आखरच म्हणत होती. सुरुवातीचा ‘स’ मी मनाने लावत होते.

मॅडमनी कॅमेरा सुरू केला. मला वाटलं त्या म्हणतील, सांगितलं होतं ना. पण त्या पुढे वाकून मुलीच्या कानाकडे बघत होत्या. “आई, हिला हे दोन्ही आवाज होते,” त्या म्हणाल्या. “पहिल्या भेटीत माझ्यासमोर टाकल्यात तिने चकत्या. तेव्हा होते आणि आता नाहीत. म्हणजे गेलेत. मशीन जरा काढा आणि कॅमेऱ्याजवळ धरा. अजून जवळ.”

मी धरलं. वहिनी उठून आली आणि तिने माझं मनगट धरून मशीन कॅमेऱ्यासमोर स्थिर केलं.

“माइकवरची ती बारीक जाळी दिसते का? काळपट झाली आहे. धूळ आणि घाम. ती बुजली की सगळ्यात आधी बारीक आवाज जातात. बदललीत का कधी?”

मला जाळी असते हेच आठवत नव्हतं. मशीन मिळालं त्या दिवशी इतकं काही सांगितलं होतं, त्यात सांगितलंही असेल. नवी जाळी कुठे मिळते, कशी बसवतात, काहीच माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, घरी करू नका, इथेच घेऊन या, सगळंच तपासू.

त्या आठवड्यात नवऱ्याने रजा टाकली, जळगावहून धुळ्याला आला आणि आम्ही पुण्याला गेलो. जाळी बदलायला चहा प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. मशीनचं सेटिंगही थोडं बदललं. मॅडमनी समोर बसून, तोंडापुढे कापड धरून ‘श’ काढला. चकती पडली. ‘स’ला पडली नाही. पुन्हा ‘स’. नाही. माझा नवरा उठून बाहेर गेला.

“लगेच नाही येणार,” मॅडम म्हणाल्या. “किती दिवस बंद होता कुणास ठाऊक. तिला त्याची सवयच राहिली नाही. पुन्हा शिकवू.”

लाइन नीट असती तर हे मार्चमध्येच कळलं असतं, असं मी परतीच्या प्रवासात एकदा म्हटलं. नवरा म्हणाला, “मार्चमध्ये पैसे कुठून आणले असते?” राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. केबलवाल्याने कधी मुद्दाम वायर तोडली नव्हती, आणि ऊन तर कुणाच्याच हातात नव्हतं.

पावसाळाभर मी धुळ्यालाच राहिले. वहिनीच्या टेबलावर आठवड्यातून दोनदा आम्ही ‘स’ शोधत होतो. पाण्याचा नळ थोडा सोडून, सापाचं चित्र दाखवून, कुकरची वाफ ऐकवून. बरेच दिवस काहीच झालं नाही. आता हे असंच राहणार, असं मी मनाशी धरून चालले होते. नवरा सुट्टीला यायचा तेव्हा मुलगी आधी त्याला बिलगायची नाही, दुरून बघायची, आणि ते पाहून तो बूट काढण्यातच वेळ घालवायचा. आबांचा फोन यायचा. भात करायला शिकलो, म्हणायचे. आवाजावरून कळायचं की ते नीट जेवत नाहीत.

‘स’ आला तो नवरात्राच्या थोडं आधी. आला म्हणजे तिने चकती टाकली, एवढंच. स्वतः म्हणायला तिला आणखी बराच वेळ लागला, आणि आजही घाईत बोलली की तो सुटतोच. चकती पडली तेव्हा मी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. वहिनीकडे बघितलं. ती कॉलवर होती. तिने बोलता बोलता नुसती मान हलवली आणि डोळे पुसले.

दिवाळीला आम्ही जळगावला परत आलो. तोवर आमच्या वस्तीत एका नव्या कंपनीने रस्ता खोदून जमिनीखालून लाइन आणली होती. चौकशी केली तेव्हा मी महिन्याचे पैसे शेवटी विचारले. आधी विचारलं, लाइट गेल्यावर तुमचा डबा कशावर चालतो. मग, तुटली तर माणूस कुठल्या गावाहून येतो. मग म्हटलं, आधी आठ दिवस लावून द्या, रोज दुपारी तीनला मी बघणार, नंतर पैसे. त्यांचा माणूस जरा वैतागला, पण कबूल झाला. लाइन घेतली आणि तिचे पैसे भागवायला टीव्हीची छत्री बंद केली. आबांना टीव्हीची सवय होती. रिमोट त्यांनीच कपाटात ठेवला.

आता ती पाच वर्षांची होऊन गेली आहे. बालवाडीत जाते. बरोबरीच्या मुलांपेक्षा मागे आहे, किती ते आम्ही मोजत नाही. तीनचा तास अजून चालू आहे. परवा दुकानात तिने खाऊ मागितला. दुकानदाराला कळलं नाही, त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “काय म्हणते?” मी सांगणार होते. पण ती काउंटरची कड धरून टाचा उंचावून उभी राहिली आणि तिने तेच पुन्हा म्हटलं, सावकाश, त्याच्या तोंडाकडे बघत. त्याला दुसऱ्यांदाही नीट कळलं नाही. तिसऱ्यांदा कळलं.