ओडीलच्या हातावरचा नंबर

वेंडेल फ्रूजे हल्ली सकाळी माइकसमोर बसण्याआधी कालव्यापर्यंत चालत जातो, पाणी बघतो आणि परत येतो. आमच्या परगण्यात नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, डॉक्टरने चालायला सांगितलं असेल. जुन्या लोकांना कारण माहीत आहे, पण त्याच्यासमोर कोणी तो विषय काढत नाही.

एके काळी या माणसाच्या तोंडाला कुलूप घालणारा जन्माला यायचा होता. इकडे चुलीवर कॉफी उकळायला लागायची आणि तिकडे रेडिओवर त्याचा खर्जातला आवाज सुरू व्हायचा. कोळंबीच्या होड्यांवर, टायरच्या दुकानात, अगदी पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघरातही त्याचा 'ओसरी' हा कार्यक्रम चालू असायचा. बंद पडलेल्या बँकेमागची एक खोली म्हणजे त्याचा स्टुडिओ. तिला एकच खिडकी, आणि खिडकीखालून कालवा. वेंडेल तिथे बसून वॉशिंग्टनच्या सरकारची सालटी काढायचा. "ज्यांनी जन्मात जाळं विणलं नाही," तो म्हणायचा, "ते आपल्याला जाळ्याची भोकं मोजायला शिकवतात!" आणि शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, "दार आपलं, कडीही आपलीच. चला, कामाला लागा."

हे सगळं नाटक होतं असं कोणी म्हणेल, तर ते खोटं आहे. त्याच्या बापाची स्वतःची होडी होती. कासवं अडकू नयेत म्हणून जाळ्यात लोखंडी चौकट बसवायचा हुकूम आला, बापाने निमूट बसवली. मग तपासायला आलेल्या साहेबाने चौकट तिरकी बसली म्हणून दंड ठोकला. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच झालं. शेवटी होडी गेली आणि बाप हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकायला उभा राहिला, तोही पायात समुद्रावरचे पांढरे बूट घालून. गिऱ्हाइकं हसायची. पोरगा वेंडेल ते बघत होता. सरकारवरचा त्याचा राग तिथला होता, अगदी अस्सल. फक्त रोज सकाळी तोच राग काढून दाखवायचा म्हटलं की त्यालाही सवयीचा रंग चढतो. आपला आवाज आपल्यालाच आवडायला लागतो, आणि वेंडेलला तो फार आवडायला लागला होता.

त्याच्या ऐकणाऱ्यांत सगळ्यात पक्की होती ओडील एबेर. पंच्याहत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आमच्याकडे वयस्क बाईला, ती विधवा असली तरी, मानाने 'मिस'च म्हणतात, म्हणून गावाची ती मिस ओडील. ती रोज फोन करायची, कधी टोमॅटोवरच्या किडीबद्दल बोलायची, कधी राष्ट्राध्यक्षांबद्दल, आणि दोघांना सारख्याच शिव्या घालायची. मागच्या एका वादळात तिचं घर थोडं भिजलं, तेव्हा सरकारने फर्मान काढलं की घर खांबांवर उंच उचला, नाहीतर दुरुस्तीची परवानगी नाही. उचलायचा खर्च घराच्या किमतीहून जास्त. म्हणजे सरळ भाषेत, बाई, गाव सोडा. वेंडेलने 'ओसरी'वरून रान पेटवलं. लोक सभागृहात घुसले, साहेब लोकांना घाम फुटला आणि मिस ओडीलचं घर जमिनीवर राहिलं. तिने त्याला अंजिराच्या मुरंब्याच्या बरण्या पाठवल्या. आयुष्यात आपण एक काम धड केलं, असं वेंडेल त्या बरण्यांकडे बघून म्हणायचा. आणि खरंच, ते धडच होतं.

मग ते मोठं वादळ आलं. परगणा रिकामा करायचा सक्तीचा हुकूम निघाला. 'सक्ती' हा शब्द वेंडेलला आयताच मिळाला.

"ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं," तो रेडिओवर म्हणाला. "पण कोणी टोपीवाला दारात येऊन हाकलतोय म्हणून जाऊ नका. मी तर कुठं जात नाही बुवा."

टोपीवाला म्हणजे टेरेन्स गिलरी, शेरीफचा डेप्युटी, म्हणजे इथला पोलीसच. शाळेत वेंडेलच्या मागच्या बाकावर बसायचा. बिचारा दारोदार फिरून लोकांना हात जोडत होता आणि वेंडेल रेडिओवरून त्याची टर उडवत होता.

तेवढ्यात मिस ओडीलचा फोन आला. "वेंडेल, तू खरंच राहणार ना रे?"

"राहणार म्हणजे राहणार, मिस ओडील."

"मग मीही हलत नाही. सोबत झाली. पण एक कर, पाण्याचं तेवढं सांगत जा. माझ्या घरून कालवा दिसत नाही. तुझ्या खिडकीतून दिसतो."

"सांगतो की. त्यात काय!"

दुपारी तो घरी आला तर बायको मर्ना गाडी भरत होती. तिने वाद घातला नाही. "तू रहा," ती म्हणाली. "गावाला शब्द दिलायस. मी माझ्या बहिणीकडे चालले." कुत्रं आधीच मागच्या सीटवर जाऊन बसलं होतं. वेंडेलने आभाळाकडे बघितलं. इथे सारवासारव करण्यात अर्थ नाही. तो घाबरला. घाबरणं काही पाप नव्हे, अर्धा परगणा घाबरून निघून गेला होता. पण अर्ध्या परगण्याने सकाळी रेडिओवर छाती ठोकली नव्हती.

त्याने दुसराच मार्ग काढला. स्टुडिओत जाऊन दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आदल्या दिवशीच रेकॉर्डरवर बोलून ठेवला. नेहमीसारखा मध्ये खोकला, नेहमीसारखा कॉफीचा घोट घेतला. आणि मग खिडकीकडे पाठ करून म्हणाला, "आत्ता खिडकीतून बघतोय मंडळी. पाणी पायरीच्या खालीच आहे. मिस ओडील, निवांत रहा." लोकांना धीर येईल, एवढाच आपला हेतू आहे असं त्याने स्वतःला सांगितलं. यंत्र सकाळी आपोआप सुरू होईल असं लावलं, जनरेटर तपासला आणि बायकोशेजारी गाडीत जाऊन बसला.

उत्तरेकडच्या नाक्यावर भर पावसात टेरेन्स गाड्या पुढे काढत होता. वेंडेलने टोपी नाकापर्यंत ओढली. काच खाली करावीच लागली. टेरेन्सने आत वाकून बघितलं, क्षणभर थांबला. "जपून जा, वेंडेल," एवढंच म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला. त्याने दोन टोमणे मारले असते तर बरं झालं असतं, असं वेंडेलला सगळी वाट वाटत राहिलं.

मेहुणीच्या घरी तिसऱ्या दिवशी तो मक्याच्या पावाला लोणी लावत बसला होता, तेव्हा फोन वाजला. स्टुडिओचा नंबर त्याने स्वतःच्या फोनवर वळवून घेतला होता.

"ओडील एबेर तुमच्या कोण लागतात?" हॉस्पिटलमधली नर्स विचारत होती.

"कोणी नाही. म्हणजे, ओळखीच्या आहेत. का?"

"त्यांच्या हातावर तुमचा नंबर आहे."

वेंडेलच्या हातातली सुरी खाली पडली. ती पद्धत त्याला माहीत होती. हुकूम न मानता मागे राहणाऱ्यांना डेप्युटी जाड शाईचं पेन देतात आणि सांगतात, आपला सरकारी ओळखीचा नंबर तरी हातावर लिहून ठेवा, नाहीतर जवळच्या माणसाचा. म्हणजे प्रेत सापडलं तर कुणाला कळवायचं ते समजतं. सरकारी नंबर मिस ओडीलने अंगावर लिहिलाच नसता. आणि जवळचा माणूस म्हणून तिने 'ओसरी'चा नंबर लिहिला होता.

हॉस्पिटल तिथून तासाभरावर होतं. जाताना मर्ना म्हणाली, "बहिणीने शर्ट इस्त्री केलाय, तो घाल." त्याने घातला. पुढे त्या शर्टाची त्याला जितकी लाज वाटली तितकी दुसऱ्या कशाची वाटली नसेल.

मिस ओडीलचे दोन्ही पाय बांधलेले होते आणि ओठ फुटलेले. पण तोंड शाबूत होतं. त्याला बघताच ती शेजारच्या खाटांवरच्या बायकांना ओरडून म्हणाली, "बघा गं, आला! हाच तो माझा वेंडेल. सगळे शेपूट घालून पळाले, हा राहिला." खाटांवरून माना वळल्या. एका म्हातारीने तर उठून नमस्कारासारखी मान हलवली.

"कसं आहे, मिस ओडील?" त्याने कसंबसं विचारलं.

"मेले नाही, एवढं खरं. माळ्यावर चढले. कुऱ्हाड होती, पण माझ्या हातात जोर कुठला? हात जाईल एवढं भोक पडलं छपराला. त्यातून उशीची खोळ हलवत बसले. मग आपला टेरेन्स आला होडी घेऊन." ती जरा खाली आवाजात म्हणाली, "तुझ्या घरावरूनच आणलं त्याने. खिडक्यांपर्यंत पाणी होतं रे. गाडी नव्हती. मी टेरेन्सला म्हटलं, पठ्ठ्या लोकांना बाहेर काढायला गेला असणार. हो ना?"

वेंडेलने आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं.

"हं," तो म्हणाला.

एवढंच. आयुष्यभर तासन्‌तास बोलला, पण त्या एका 'हं'एवढं नीच तो कधी बोलला नव्हता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तेवढ्यात टेरेन्स आत आला. दाढी वाढलेली, गणवेश चिखलाने कडक झालेला, हातात कॉफीचे दोन कागदी पेले. मिस ओडीलने त्यालाच धरलं. "सांग ना टेरेन्स, तुलाही दिसला असेल हा. कुठं होता?"

वेंडेलने डोळे मिटले. आता सगळं खरं सगळ्यांसमोर निघणार. आणि निघायलाच हवं होतं, टेरेन्सला तेवढा हक्क होता.

"भेटला होता की," टेरेन्स म्हणाला. "भर पावसात, रस्त्यावर." आणि हातातला एक पेला त्याने वेंडेलपुढे धरला.

ज्याची रोज सकाळी टर उडवली, त्या माणसाने त्याची लाज झाकली होती, तीही एक अक्षर खोटं न बोलता. वेंडेलने तो पेला घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"मला वाटलंच," मिस ओडील खुशीत म्हणाली. "रेडिओ सुरू झाला की सगळं सांग हं लोकांना. अरे, त्या सकाळी तुझा आवाज नसता तर मी वेडी झाले असते. पाणी पायरीखाली आहे म्हणालास, निवांत रहा म्हणालास. मी म्हटलं, चला, भांडी तरी घासून घेऊ. मागच्या दाराखालून पाणी आलं ना, तर मला वाटलं, मेला नळच फुटला! फडकं घेऊन पुसत बसले."

शेजारच्या बायका हसल्या. तीही हसली. वेंडेलच्या डोळ्यांसमोर ती म्हातारी ओणवी होऊन समुद्र फडक्याने पुसताना उभी राहिली, आणि त्याला ते सहन झालं नाही.

"मिस ओडील, मी नव्हतो तिथं."

"कुठं?"

"स्टुडिओत. ते आदल्या दिवशी बोलून ठेवलं होतं. मी पळालो. लोकांना काढायलाबिढायला नाही, मर्नाबरोबर पळालो. टेरेन्सला नाक्यावर दिसलो, तो पळतानाच."

खोलीतलं हसू थांबलं. टेरेन्स पेल्यात बघत राहिला.

"खिडकीतून बघतोय म्हणालास," मिस ओडील म्हणाली.

"हो."

"बघत नव्हतास."

"नाही."

तिने हातावरच्या आकड्यांकडे बघितलं. ती रडली असती, तर वेंडेलला काहीतरी करता आलं असतं. तिने शिवी घातली असती तरी चाललं असतं.

"तू पळालास त्याचं मला काही नाही," ती शेवटी म्हणाली. "भीती वाटते माणसाला. आणि तू हे मनात आणू नकोस की ओडील आता सरकारचे पाय धरील. माझ्या घरात राहायचं का नाही ते मीच ठरवणार. उद्याही मीच ठरवणार. पण ठरवायला माणसाला खरं कळावं लागतं ना रे? शेरीफचा माणूस पाणी येणार म्हणाला, मी त्याच्या तोंडावर दार लावलं. कारण पाणी किती आहे ते मी तुला विचारलं होतं."

माफी मागायला वेंडेलने शब्द शोधावा, तर त्याच्याकडचे सगळे शब्द रेडिओवर वापरून झालेले होते.

मिस ओडीलने नर्सला हाक मारली, हात पुढे केला. नर्सने स्पिरिटचा बोळा घासला, पुन्हा घासला. कातडी लाल झाली, आकडे तसेच. "ही शाई नाही जायची, बाई. आपोआप उतरेल तेव्हा उतरेल."

"मग पेन आण. तेच जाड."

पेन आलं. तिच्या बोटांना पट्ट्या होत्या, धरता येईना. तिने ते वेंडेलपुढे केलं.

"वरचा खोड," ती म्हणाली. "आणि खाली टेरेन्सचा लिही. घरी गेले की मी पुन्हा तिथंच राहणार आहे."

टेरेन्स म्हणाला, "मिस ओडील, मी लिहून देतो ना कागदावर. कशाला त्याला..."

"त्यालाच लिहू दे."

वेंडेलने तिचं मनगट धरलं. ते कोंबडीच्या पायाएवढं बारीक आणि गरम होतं. त्याने आपल्या नंबरावर रेघ मारली. टेरेन्स खालच्या आवाजात, मध्ये थांबत थांबत आपला नंबर सांगत गेला आणि वेंडेल लिहीत गेला. आकडे वेडेवाकडे येत होते.

"नीट काढ," मिस ओडील म्हणाली. "वाचता आला पाहिजे."